एच३५.३ : एक कोड, आठ नावं आणि तुमचा प्रबंध

डोळ्यांच्या ऱ्हासजन्य आजारांवर काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रस्तावांत एक वाक्य हमखास असतं. थोड्याफार फरकाने ते असं: "रुग्णालयाच्या नोंदींमध्ये एच३५.३ हा कोड असलेले सर्व रुग्ण एएमडीचे रुग्ण म्हणून निवडले जातील." एएमडी म्हणजे वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास. मॅक्युला, म्हणजे पीतबिंदू, हा डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं याच भागाच्या जोरावर चालतात.

वाक्य नीटनेटकं आहे. कोड दिलाय, आजार दिलाय, निवडीचा निकष स्पष्ट आहे. म्हणूनच ते मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटतं, कधी कधी समीक्षकांच्याही. आजच्या लेखात या एकाच वाक्याची चिकित्सा करायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: या वाक्यातला कोड आणि या वाक्यातला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक न ओळखता मोजायला बसलात, तर पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं.

ही यादी मुळात कशासाठी?

आयसीडी हे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याचं मूळ १८९३ साली झाक बर्तियाँ यांनी मांडलेल्या यादीत आहे, आणि ती यादी होती मृत्यूच्या कारणांची. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतलं आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारही त्यात आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. नवव्या आवृत्तीत डोळे मज्जासंस्थेच्या प्रकरणात दाटीवाटीने राहत होते, दहाव्या आवृत्तीत त्यांना स्वतःचं प्रकरण मिळालं. एच०० ते एच५९ हे ते प्रकरण.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की या यादीचं मूळ काम वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत एवढंच होतं. आजाराची सूक्ष्म अवस्था टिपणं हा तिचा हेतू नव्हता. त्यामुळे यादी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. तिला कोणता प्रश्न विचारायचा, हे आपल्याला कळलं पाहिजे.

एच३५.३ उघडून बघा

आता मूळ आयसीडी-१० मध्ये एच३५.३ खाली काय काय आहे ते बघू. शीर्षकच सांगतं: मॅक्युला आणि पडद्याच्या मागच्या ध्रुवाचा ऱ्हास. त्याखाली ही नावं येतात: मॅक्युलाजवळचे अँजिऑइड स्ट्रीक्स, मॅक्युलातली सिस्ट, ड्रुसेन, मॅक्युलाला पडलेलं छिद्र, मॅक्युलावर पडलेली सुरकुती, कुन्ट-युनियस डिजनरेशन, वृद्धापकाळातला मॅक्युलाचा ऱ्हास (कोरडा आणि ओला दोन्ही), आणि औषधांमुळे वगैरे होणारी विषारी मॅक्युलोपथी.

आठ नावं, एक कोड. त्यातलं कुन्ट-युनियस हे तर ओल्या एएमडीच्याच एका रूपाचं जुनं नाव. म्हणजे एक आजार दोनदा, आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही असे बाकीचे त्याच खोलीत.

यांच्यात फरक किती आहे बघा. मॅक्युलाचं छिद्र शस्त्रक्रियेने बंद करतात. ओल्या एएमडीमध्ये डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात, तीही पुन्हा पुन्हा. विषारी मॅक्युलोपथी ल्युपस किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या व्यक्तीलाही होऊ शकते, आणि ती व्यक्ती चाळिशीतली असू शकते. कारण वेगळं, वय वेगळं, उपचार वेगळा. पण एमआरडीच्या रजिस्टरमध्ये तिघांपुढे एकच कोड.

आणि यात कोड लिहिणाऱ्याची काहीही चूक नाही, हे लक्षात घ्या. त्याने नियमाप्रमाणे अगदी बरोबर कोड दिलाय. कोड बरोबर असूनही तुमच्या प्रश्नासाठी तो चुकीचा असू शकतो, हाच तर मुद्दा आहे.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं: १९९० मध्ये ही रचना तेवढी विचित्र नव्हती. वर्गीकरण जागेनुसार केलं होतं, आणि हे सगळे आजार एकाच जागेचे. ओल्या एएमडीवरचं रॅनिबिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं ते २००६ साली. उपचार इतके वेगळे झाल्यावर एकत्र मोजण्याची किंमत वाढली. कोड तिथेच राहिला, वैद्यक पुढे गेलं.

भेसळीने निष्कर्ष कसा बिघडतो

"थोडे इतर रुग्ण आले तर काय बिघडलं? संख्या मोठी आहे ना!" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. एक मानलेलं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

समजा एच३५.३ चे १०० रुग्ण घेतले. त्यातले खरे एएमडीचे ६०, बाकी ४० छिद्र, सुरकुती वगैरेंचे. एएमडी असलेल्यांत धूम्रपान करणारे ४० टक्के, आणि बाकीच्यांत सर्वसाधारण लोकांइतकेच, म्हणजे २० टक्के. तर तुमच्या 'एएमडी' गटात धूम्रपान करणारे किती दिसतील? ६० पैकी २४ आणि ४० पैकी ८, मिळून ३२. खरा फरक २० टक्क्यांचा होता, तुम्हाला दिसला १२ टक्क्यांचा.

आता नमुना १०० ऐवजी १ लाख केला तरी उत्तर ३२ टक्केच येणार. फक्त त्या चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री वाढेल! नमुना मोठा केल्याने योगायोगाची चूक कमी होते, व्याख्येची चूक कमी होत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल.

खोलीबाहेरचे शेजारी

उलटी अडचणही आहे. ऱ्हासजन्य म्हणावेत असे काही आजार एच३५.३ मध्ये नसतातच. पडद्याच्या कडेचा ऱ्हास, उदाहरणार्थ लॅटिस, एच३५.४ मध्ये जातो. रेटिनायटिस पिगमेंटोझा आणि स्टारगार्ट हे आनुवंशिक आजार एच३५.५ मध्ये. मोठ्या मायनस नंबरमुळे होणारा ऱ्हास थेट एच४४.२ मध्ये. मधुमेहाचा पडदा तर मूळ मधुमेहाच्या कोडशी जोडून एच३६.० मध्ये.

आता गंमत अशी की केसपेपरवर घाईत फक्त "मॅक्युलर डिजनरेशन" एवढंच लिहिलं असेल, तर कोड देणारी व्यक्ती वर्णानुक्रमे सूची उघडणार आणि एच३५.३ वर पोचणार. तिने काय करायचं? तिच्याकडे तेवढीच माहिती आहे. पण रुग्ण स्टारगार्ट असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा असेल, किंवा उणे चौदा नंबरचा चष्मा लावणारी शिक्षिका असेल, तर दोघंही तुमच्या 'वयोमानानुसार' होणाऱ्या आजाराच्या यादीत येऊन बसतात.

म्हणून योग्य कोड निवडण्याची सुरुवात कोडच्या पुस्तकातून करू नका, कारणापासून करा. हा ऱ्हास वयामुळे, आनुवंशिक, नंबरमुळे, औषधामुळे की मधुमेहामुळे? हे ठरलं की निम्मं काम झालं.

अमेरिकेने खोल्या पाडल्या

अमेरिकेने आयसीडी-१० ची स्वतःची विस्तारित आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला घेतली. तिच्यात एच३५.३ चे तुकडे केले: एच३५.३० म्हणजे प्रकार न सांगितलेला ऱ्हास, एच३५.३१ कोरडा एएमडी, एच३५.३२ ओला एएमडी, छिद्र आणि सिस्ट एच३५.३४ मध्ये, ड्रुसेन एच३५.३६, सुरकुती एच३५.३७, विषारी मॅक्युलोपथी एच३५.३८. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०१६ पासून, एएमडीच्या कोडमध्ये आणखी दोन जागा जोडल्या: सहावी जागा डोळ्याची आणि सातवी अवस्थेची.

सहाव्या जागी १ म्हणजे उजवा, २ डावा, ३ दोन्ही. सातव्या जागी कोरड्या प्रकारात १ म्हणजे सुरुवातीची अवस्था, २ मधली, ३ म्हणजे पेशी झिजून गेल्यात पण मध्यबिंदू वाचलाय, ४ म्हणजे मध्यबिंदूही गेला. ओल्या प्रकारात १ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या सक्रिय, २ निष्क्रिय, ३ म्हणजे निष्क्रिय व्रण. दोन्हीकडे ० म्हणजे अवस्था नोंदवलेली नाही.

एक कल्पित रुग्ण घेऊ. ६८ वर्षांच्या आजी. उजव्या डोळ्यात मोठे ड्रुसेन, झीज नाही, डॉक्टरांनी मधली अवस्था लिहिलीय. डाव्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या, पाणी आणि रक्त, म्हणजे सक्रिय ओला प्रकार. कोड दोन येतील: एच३५.३११२ आणि एच३५.३२२१. दोन्ही डोळे बिघडलेत म्हणून 'दोन्ही'चा कोड उचलायचा नाही. तो तेव्हाच, जेव्हा दोन्ही डोळ्यांत प्रकारही तोच आणि अवस्थाही तीच.

इथे संशोधकासाठी एक खड्डा आहे. आजी एक, डोळे दोन, कोड दोन, आणि डाव्या डोळ्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला आल्या तर वर्षभरात बारा भेटींच्या नोंदी. तुम्ही मोजताय काय? माणूस, डोळा, भेट की कोडची ओळ? प्रबंधात हे एका वाक्यात लिहिलेलं नसेल, तर तुमचा तक्ता कुणालाच पडताळता येणार नाही.

मग अमेरिकन कोड परिपूर्ण का नाहीत?

एवढं वाचून वाटेल की अमेरिकेचा डेटा मिळाला की प्रश्न मिटला. नाही मिटत. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप अवस्थेच्या नावाबद्दल. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एआरईडीएस या मोठ्या चाचणीत मध्यबिंदूपर्यंत न पोचलेली झीज 'मधल्या' वर्गात धरली होती. २०१३ मध्ये मांडलेल्या बेकमन वर्गीकरणात कुठलीही भौगोलिक झीज थेट 'उशिराच्या' अवस्थेत जाते. आणि अमेरिकन कोडमध्ये तीच झीज 'प्रगत, पण मध्यबिंदू वाचलेला' म्हणून तीन क्रमांकावर येते. डोळा तोच, दिवस तोच, नाव मात्र कोणतं पुस्तक उघडलंय त्यावर. तुमच्या प्रबंधात एका परिच्छेदात एआरईडीएसचा धोका आणि दुसऱ्या परिच्छेदात कोडमधली 'मधली अवस्था' असेल, तर दोन्ही 'मधल्या' एकच आहेत असं गृहीत धरू नका.

दुसरा आक्षेप 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' या शब्दांना. रुग्ण नियमित इंजेक्शन घेतोय, ओसीटीवर पाण्याचा थेंबही दिसत नाही. हा आजार निष्क्रिय आहे की औषधाने दाबून धरलेला सक्रिय आहे? कोडच्या तक्त्यात ओसीटीचं कुठलंही मोजमाप दिलेलं नाही. दोन चांगले डॉक्टर दोन वेगळे अंक लिहू शकतात, आणि दोघांकडेही कारण असेल. त्यात अमेरिकेत हा कोड बिलाबरोबर जातो. जो कोड उपचाराचं समर्थन करायला लिहिला जातो, त्यालाच उपचाराच्या परिणामाचं मोजमाप म्हणून वापरणं म्हणजे वकिलाच्या अर्जालाच निकाल समजणं.

तिसरा आक्षेप खरं तर कोडवर नाही, वापरणाऱ्यांवर आहे. अमेरिकन नियमांनुसार ओपीडीमध्ये "संशयित" किंवा "शक्यता" असं लिहिलेलं निदान निश्चित निदान म्हणून कोड करायचं नसतं. तिथे लक्षणाचा कोड द्यायचा. नियम चांगलाच आहे. पण तो सगळीकडे पाळला जाईलच असं नाही, म्हणून अनेक संशोधक एकाच निदानाचा कोड वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा आलेला असावा अशी अट घालतात. भेसळ त्याने कमी होते. पण एकदाच येऊन गेलेला, पुन्हा न परतलेला रुग्णही गळतो, आणि न परतणारे बहुतेक वेळा कोण असतात? दूर राहणारे, ज्यांना कुणी आणून सोडायला नाही असे. निकष कडक केला की यादी स्वच्छ होते, पण ती कुणापासून स्वच्छ झाली हेही बघावं लागतं.

शिवाय वर्षांचा आलेख काढताना २०१५ आणि २०१६ या दोन ऑक्टोबरांवर उभ्या रेषा मारा. तिथे आलेख उडी मारत असेल तर ती आधी कोडची उडी समजा, आजाराची नंतर. २०२३ मध्ये अमेरिकेत कोरड्या प्रकारातल्या झिजेवर पेगसेटाकोप्लॅन आणि अवासिनकॅप्टॅड पेगॉल ही दोन औषधं मंजूर झाली. त्यानंतर अवस्थेची नोंद जास्त काळजीने होऊ लागली असेल, तर ३ आणि ४ क्रमांकाचे कोड वाढलेले दिसतील, आजार तेवढाच असला तरी.

मोठा डेटा, जुना कोड

यूके बायोबँक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं लाडकं भांडार. सुमारे ५ लाख लोक, २००६ ते २०१० मध्ये नोंदणी, भरती तेव्हाचं वय ४० ते ६९. पण तिथल्या रुग्णालयीन नोंदींत आयसीडी-१० चा चार अंकी एच३५.३ आहे, अमेरिकेचा सात अंकी नाही. म्हणजे आठ नावांची खोली पुन्हा तीच. शिवाय त्या नोंदी दाखल झालेल्या रुग्णांच्या. कोरड्या एएमडीच्या सुरुवातीला कोण दाखल होतं? त्यामुळे ज्या अभ्यासांत "एच३५.३ म्हणजे एएमडी" असं एका ओळीत उरकलेलं असतं, ते वाचताना पेन्सिल हातात ठेवा.

आपल्याकडे तर जलद अंधत्व सर्वेक्षणांत आणखी एक नियम लागतो. एका व्यक्तीच्या अंधत्वाला दोन कारणं असतील, तर ज्यावर सहज उपचार होऊ शकतो ते मुख्य कारण म्हणून नोंदवतात. मोतीबिंदू आणि एएमडी दोन्ही असतील तर नोंद मोतीबिंदूची. कार्यक्रम आखण्यासाठी हा नियम अगदी योग्य, कारण शस्त्रक्रियेने फायदा कुणाला होईल ते कळतं. पण त्याच आकड्यांवरून "आपल्याकडे एएमडी कमीच" असं म्हणणं हा त्या नियमावर अन्याय आहे.

'अनिर्दिष्ट'ची बाजू

कोडच्या जगात सगळ्यात बदनाम शब्द कोणता, तर अनिर्दिष्ट. विमेवाल्यांना तो नको, व्यवस्थापनाला नको, विश्लेषकालाही नको. मी मात्र त्याची बाजू घेईन. नोंदीत अवस्था लिहिलेली नसेल, तर शून्य हाच योग्य कोड. आजी ६८ वर्षांच्या आहेत म्हणून 'मधली अवस्था असेल' असा अंदाज भरला, तर तक्ता भरलेला दिसेल आणि खोटा होईल. रिकामी जागा निदान सांगते तरी, की इथे कुणी पाहिलं नाही किंवा लिहिलं नाही. ती माहिती पुसू नका. उलट अनिर्दिष्ट कोडचं प्रमाण किती आणि ते कोणत्या केंद्रात, कोणत्या रुग्णांत जास्त, हा स्वतंत्र तक्ता द्या.

मग करायचं काय?

कोड निवडताना चार प्रश्न, याच क्रमाने: कारण कोणतं, प्रकार कोणता, डोळा कोणता, अवस्था कोणती. नोंद जिथे थांबते तिथे तुम्हीही थांबा.

कोड वापरून रुग्ण निवडत असाल तर आधी पडताळणी करा. कोड असलेल्या फायलींतून यादृच्छिक पद्धतीने शंभरेक काढा, कोड न बघता डॉक्टरांच्या टिपणावरून आणि ओसीटीवरून निदान ठरवून घ्या, शक्यतो दोन जणांकडून. शंभरातले खरे एएमडी किती, हा आकडा म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. पण तेवढ्यावर थांबू नका. पडद्याच्या ओपीडीतल्या, हा कोड नसलेल्या फायलीही काढा. कोडने किती रुग्ण निसटले हे फक्त तिथेच कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाला स्वतःची जागा आहे आणि डावा-उजवा जोडकोडने सांगता येतो. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या प्रबंधातल्या मागच्या दहा वर्षांच्या फायली त्यामुळे बदलणार नाहीत, आणि केसपेपरवर न लिहिलेली अवस्था नवा कोडही शोधून देणार नाही.

तर सुरुवातीचं ते वाक्य आता असं लिहा: "आयसीडी-१० चा एच३५.३ कोड असलेल्या ५० वर्षांवरील रुग्णांच्या फायली तपासून, टिपणात कोरडा किंवा ओला एएमडी स्पष्ट नोंदवलेला असेल तेच रुग्ण घेतले. छिद्र, सुरकुती, औषधजन्य, आनुवंशिक आणि नंबरमुळे झालेला ऱ्हास वगळला. मोजणीचं एकक डोळा आहे. अवस्था न लिहिलेले डोळे वेगळे दाखवले आहेत." वाक्य लांबलं, मान्य. नमुनाही छोटा होईल. पण मार्गदर्शकांनी "हे नक्की एएमडीचेच रुग्ण ना?" असं विचारलं, तर तुम्हाला खाली बघावं लागणार नाही.